राजगडाची चढाई आणि वेळेचा हिशेब : आपला अंदाज दरवेळी का चुकतो?

शनिवारी रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो : "उद्या राजगड. सहाला निघू, आठला गुंजवणे, दहाला वर, तीनपर्यंत खाली, सातला घरी." सगळे अंगठा दाखवतात. रविवारी संध्याकाळी सात वाजता हाच ग्रुप मोबाइलच्या उजेडात चोर दरवाजाखालचा खडकाळ टप्पा उतरत असतो. कुणाच्या फोनची बॅटरी संपलेली, कुणाचा गुडघा दुखतोय, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या. घरून फोन येताहेत, पण रेंज नाही.

गंमत म्हणजे या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचा गेल्या वर्षीही असाच उशीर झालेला असतो. तरीही नवा प्लॅन करताना तो उशीर कुणाला आठवत नाही.

हा फक्त आळस किंवा बेशिस्त नाही. मानसशास्त्रात याला नाव आहे आणि त्यावर उपायही आहे. तो समजून घ्यायला गुंजवण्याहून राजगडावर जाणारी वाट हे उत्तम उदाहरण आहे, कारण तिथे वेळ चुकली की त्याची किंमत त्याच संध्याकाळी मोजावी लागते.

गुंजवणे कुठे आहे?

गुंजवणे हे पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे (आताच्या राजगड) तालुक्यातलं, राजगडाच्या पायथ्याचं गाव. पुण्याहून सातारा महामार्गाने नसरापूर फाट्यापर्यंत यायचं, तिथून आत वळून नसरापूर, मार्गासनी, साखर असं करत गुंजवण्याला पोहोचायचं. अंतर साधारण ६० किलोमीटर.

राजगडावर जायला अनेक वाटा आहेत. पाली गावाकडून येणारी वाट पायऱ्यांची आणि तुलनेने सोपी. भुतोंड्याकडून येणारी अळू दरवाजाची. गुंजवण्याहून बहुतेक जण चोर दरवाजाच्या वाटेने चढतात. ही वाट थेट पद्मावती माचीवर पोहोचवते, पण शेवटचा टप्पा खड्या खडकातला आहे. तिथे आधाराला रेलिंग आहे आणि सुट्टीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे एकमेकांसाठी खोळंबून राहतात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात राजगड आहे.

गडावर नेमका किती वेळ लागतो?

सवय असलेल्या, पण घाई न करणाऱ्या गटाचा हिशेब साधारण असा असतो :

- गुंजवणे ते पद्मावती माची, चोर दरवाजामार्गे : अडीच ते तीन तास
- पद्मावती माचीवरून बालेकिल्ला, वर थोडं फिरून परत : सुमारे दीड तास
- संजीवनी माची, टोकापर्यंत जाऊन परत : सुमारे दोन तास
- सुवेळा माची, नेढ्यापर्यंत जाऊन परत : एक ते दीड तास
- पद्मावती मंदिर, तलाव, सईबाईंची समाधी, जेवण, विश्रांती : किमान एक तास
- उतरणं : दीड ते दोन तास

बेरीज केली तर साडेनऊ ते अकरा तास होतात. व्हॉट्सॲपवरच्या प्लॅनमध्ये आठ ते तीन, म्हणजे सात तास धरलेले होते. म्हणजे सगळा गड बघायचा तर निघायच्या आधीच अडीच ते चार तास कमी पडत होते. त्यात घराबाहेर पडायला झालेला उशीर, नसरापूरचा नाश्ता आणि पार्किंग अजून मोजलेलंच नाही.

प्लॅनिंग फॅलसी म्हणजे काय?

१९७९ मध्ये डॅनियल कानमन आणि अमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी एक निरीक्षण मांडलं. एखाद्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज करताना माणूस तो कमीच धरतो. अशीच कामं पूर्वी लांबली होती हे त्याला माहीत असतं, तरीही. याला त्यांनी 'प्लॅनिंग फॅलसी', म्हणजे नियोजनातली फसगत, असं म्हटलं.

१९९४ मध्ये रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी हे तपासून पाहिलं. प्रबंध लिहिणाऱ्या ३७ विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, काम कधी पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५ दिवस. आणखी एक प्रश्न होता : सगळं काही बिघडलं तर किती दिवस लागतील? त्याचं सरासरी उत्तर होतं सुमारे ४९ दिवस. म्हणजे 'वाईटात वाईट' म्हणून सांगितलेला अंदाजही कमी पडला!

मोठ्या प्रकल्पांचंही हेच होतं. वांद्रे-वरळी सागरी सेतूची पायाभरणी १९९९ मध्ये झाली, तेव्हा पाच वर्षांत काम पूर्ण करायचं ठरलं होतं. पूल वाहतुकीला खुला झाला ३० जून २००९ रोजी. सिडनीचं ऑपेरा हाउस १९६३ मध्ये तयार होणार होतं, ते झालं १९७३ मध्ये. प्रत्येक प्रकल्पाच्या उशिराची कारणं वेगळी असतात. कुठे न्यायालयीन वाद, कुठे बदललेला आराखडा, कुठे पैशाची चणचण. पण काही ना काही कारण निघतंच, आणि सुरुवातीच्या अंदाजात त्याला जागा ठेवलेली नसते.

अनुभव असूनही तो कामाला का येत नाही?

कानमन यांनी स्वतःचाच एक किस्सा लिहून ठेवला आहे. १९७० च्या दशकात इस्रायलमध्ये ते एका शालेय पाठ्यपुस्तकाच्या गटात काम करत होते. पुस्तक किती वर्षांत होईल, असं सगळ्यांना कागदावर लिहायला सांगितलं. सगळ्यांचं उत्तर दीड ते अडीच वर्षांच्या मध्ये. मग त्यांनी गटातल्या अभ्यासक्रम-तज्ज्ञाला विचारलं, "अशा दुसऱ्या गटांना किती वेळ लागला होता?" तज्ज्ञाने आठवून सांगितलं, "सुमारे ४० टक्के गटांचं काम कधी पूर्णच झालं नाही. ज्यांचं झालं, त्यांना सात ते दहा वर्षं लागली." पुस्तक अखेर आठ वर्षांनी तयार झालं.

या किस्श्यातली खरी गोष्ट तज्ज्ञाच्या बाबतीत आहे. जुनी माहिती त्याच्या डोक्यात होती, तरी थोड्याच वेळापूर्वी कागदावर त्यानेही दोन वर्षांच्या आसपासचाच आकडा लिहिला होता. प्रश्न विचारला जाईपर्यंत त्याचा अनुभव आणि त्याचा अंदाज एकमेकांना भेटलेच नव्हते.

असं होण्याची मुख्य कारणं तीन :

१. आपण पुढचं चित्र रंगवतो. निघालो, चढलो, पाहिलं, उतरलो. या चित्रात पंक्चर नसतं, कुणाच्या चपलेचा पट्टा तुटत नसतो.

२. मागचा उशीर आपण 'अपवाद' म्हणून बाजूला टाकतो. "त्या वेळी अमक्याला उशीर झाला म्हणून." या वेळी अमका नसेल, पण तमका असतो.

३. आठवण सुखाची उरते. गडावरचा सूर्यास्त आठवतो, उतरतानाचे दोन तास आठवत नाहीत.

म्हणजे नुसता अनुभव असून भागत नाही. अंदाज करायच्या क्षणी तो समोर ठेवावा लागतो. ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातही हेच दिसलं. मागच्या वेळी काय झालं ते आठवायला लावून, त्याचा या वेळच्या कामाशी संबंध जोडायला सांगितलं, तेव्हा लोकांचे अंदाज वास्तवाच्या बरेच जवळ आले. नुसतं आठवून फायदा झाला नाही, जोडल्यावर झाला.

चढाईचा जुना नियम : नेस्मिथचं गणित

डोंगरातल्या वेळेचा हिशेब करायचा एक नियम १८९२ पासून वापरात आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो मांडला. सोप्या आकड्यांत : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास.

समजा, एखादी वाट ३ किलोमीटरची आहे आणि चढ ५०० मीटरचा. अंतराचे ३६ मिनिटं, चढाचे ५० मिनिटं. एकूण जवळजवळ दीड तास. पण अशाच वाटेवर आपल्याकडच्या आठ-दहा जणांच्या मिश्र गटाला अडीच-तीन तास लागतात.

मग नियम चुकीचा आहे का? नाही. तो तंदुरुस्त, सवयीच्या, न थांबता चालणाऱ्या माणसासाठी आहे. त्यात विश्रांती नाही, फोटो नाहीत, रेलिंगपाशी खोळंबणं नाही, सह्याद्रीतलं दुपारचं ऊन नाही. नियम पाया देतो, त्यावर आपल्या गटाचा गुणक लावावा लागतो. गेल्या तीन ट्रेकमध्ये नियमापेक्षा दुप्पट वेळ लागला असेल, तर चौथ्यालाही दुप्पट धरायचा. "या वेळी आपण फास्ट जाऊ" हे गणितात धरायचं नाही.

आणखी एक साधी गोष्ट : गटाचा वेग हा सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा वेग असतो. पुढे पळणाऱ्याच्या घड्याळावर प्लॅन केला की मागचा माणूस दमतो, एकटा पडतो, आणि अपघात अशाच वेळी होतात.

उलटा हिशेब : आधी परतायची वेळ ठरवा

बहुतेक प्लॅन 'किती वाजता निघायचं' इथून सुरू होतात. डोंगरात ते 'किती वाजता खाली पोहोचलंच पाहिजे' इथून सुरू करावे लागतात. डिसेंबरमधल्या रविवारचं उदाहरण घेऊ. पुण्याच्या परिसरात त्या सुमारास सूर्य सहाच्या आसपास मावळतो.

- गावात पोहोचायची वेळ : ५ वाजता (अंधाराआधी एक तास राखीव)
- उतरायला : २ तास, म्हणजे माची सोडायची ३ वाजता
- सकाळी ७ ला चढायला सुरुवात केली तर माचीवर : पावणेदहापर्यंत
- गडावर हातात राहिलेला वेळ : सव्वापाच तास

आता या सव्वापाच तासांत काय बसतं? जेवण-विश्रांती एक तास, बालेकिल्ला दीड तास, संजीवनी दोन तास. झाले साडेचार. पाऊण तास शिल्लक, तो गर्दीसाठी. सुवेळा माची यात बसत नाही. ती पाहायची असेल तर संजीवनी सोडावी लागेल, किंवा गड पुन्हा करावा लागेल.

आणि चढायला सुरुवात सातऐवजी पावणेदहाला झाली तर? माचीवर पोहोचायला साडेबारा, आणि तीनला परतायचं. हातात फक्त अडीच तास. अशा दिवशी पद्मावती माची आणि बालेकिल्ला एवढाच बेत ठेवायचा. उशीर झाला की वेळ वाढत नाही, यादी कमी करावी लागते. बहुतेक गट यादी तशीच ठेवतात आणि उतरण्याच्या वेळेतून कापतात. तिथेच गणित बिघडतं.

तीन वाजता माची सोडायची म्हणजे सोडायची, मग संजीवनीच्या टोकाला पोहोचायला दहाच मिनिटं राहिली असली तरी. गिर्यारोहक याला 'टर्न-अराउंड टाइम' म्हणतात, म्हणजे माघारीची वेळ. ती खाली, डोकं शांत असताना ठरवायची. वर गेल्यावर दमलेलं शरीर आणि "आता आलोच आहोत तर" हा मोह मिळून निर्णय घेतात.

१० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर हेच घडलं. दुपारी माघारी फिरायची वेळ उलटून गेल्यावरही अनेक जण शिखराकडे चालत राहिले. उतरताना वादळाने गाठलं आणि त्या दोन दिवसांत आठ गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. वादळ हे कारण होतंच. पण वेळेवर मागे फिरलेले लोक त्या वादळाच्या आधी खाली येऊ शकले.

गडाचा स्वतःचा धडा

ज्या गडावर चढायचं, त्याच्या इतिहासातही वेळेचे दोन मोठे हिशेब दिसतात. जवळजवळ पंचवीस वर्षं राजगड ही शिवाजी महाराजांची राजधानी होती.

पहिला हिशेब चाकणचा. १६६० मध्ये शाइस्ताखान मोठी फौज घेऊन पुण्यात आला. त्याने चाकणच्या भुईकोटाला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी तो जवळपास दोन महिने लढवला. सपाटीवरच्या एका लहान किल्ल्याला दोन महिने, तर डोंगरावरच्या किल्ल्यांना किती? हा गुणाकार कोणालाही करता येण्यासारखा होता. स्वराज्याची ताकद एका मोठ्या लढाईत नव्हती, शत्रूचा वेळ खाण्यात होती. खानाचा मुक्काम लांबत गेला आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालावर छापा पडला.

दुसरा हिशेब थांबण्याचा. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले, १२ राहिले, त्यांत राजगड होता. १७ ऑगस्ट १६६६ ला महाराज आग्र्याहून निसटले आणि राजगडावर परतले. लगेच किल्ल्यांवर चालून जाणं हा एक मार्ग होता. तो त्यांनी घेतला नाही. पुढची सुमारे तीन वर्षं मुघलांशी तह ठेवला आणि कारभाराची, सैन्याची घडी नीट बसवली. मग ४ फेब्रुवारी १६७० रोजी सिंहगड घेतला, मार्चमध्ये पुरंदर, आणि तहात गेलेले बरेच किल्ले थोड्या काळात परत आले.

यामागे राजकीय कारणं अनेक होती, सगळं श्रेय 'टाइम मॅनेजमेंट'ला देणं बालिशपणाचं होईल. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. वेळ नीट वापरणं म्हणजे दरवेळी घाई करणं नव्हे. तयारी झालेली नसताना थांबणं हाही वेळेचा वापरच आहे.

सावधान : अनुभव फसवतोही

"मागच्या वेळी पण अंधारातच उतरलो होतो. काही झालं नाही."

हे वाक्य ट्रेकिंगमधल्या सगळ्यात धोकादायक वाक्यांपैकी एक आहे. सुखरूप परत आलो म्हणजे निर्णय बरोबर होता असं नाही. नशीब बरोबर होतं, एवढंच कधीकधी खरं असतं. पण मेंदू त्याची नोंद 'चालतं' अशी करतो, आणि पुढच्या वेळी आणखी थोडा उशीर चालवून घेतो.

कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, त्याची गोष्ट अशीच आहे. इंधनटाकीवरच्या फोमचे तुकडे उड्डाणावेळी निघून यानावर आदळणं पूर्वीच्या उड्डाणांतही झालं होतं आणि यानं सुखरूप परतली होती. हळूहळू तो धोका नेहमीचाच वाटू लागला. १ फेब्रुवारी २००३ रोजी तशाच आघाताने झालेल्या नुकसानीमुळे कोलंबिया परतीच्या वाटेवर कोसळलं आणि सातही अंतराळवीर गेले.

म्हणून अनुभवाकडे पाहताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. 'शेवट काय झाला?' हा एक. 'आपण ठरवलं ते बरोबर होतं का?' हा दुसरा. शेवट चांगला झाला तरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असू शकतं.

तुलनाही सारख्याची सारख्याशी करायला हवी. जानेवारीत चार मित्रांबरोबर केलेला राजगड हा ऑगस्टमध्ये कुटुंबाबरोबर करायच्या राजगडाचा अनुभव नाही. पावसात खडक निसरडा, धुक्यात वाट दिसत नाही, आणि वेळ वाढतोच.

अनुभव साठवायचा कसा? पाच मिनिटांची नोंद

डोक्यातला अनुभव सोयीने बदलतो, कागदावरचा बदलत नाही. घरी परतताना गाडीतच, फोनच्या नोट्समध्ये एवढंच लिहा :

- ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ : घर सोडलं, गावात पोहोचलो, चढायला सुरुवात, माची, परत गावात
- सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला
- किती जण होते, महिना कोणता
- पुढच्या वेळी बदलायची एकच गोष्ट

शेवटची ओळ महत्त्वाची. दहा गोष्टी लिहिल्या तर एकही होत नाही. 'नाश्ता घरूनच करून निघायचं' एवढी एक गोष्ट बदलली तरी पाऊण तास वाचतो.

गटाने मिळून हे करायचं असेल तर अमेरिकी लष्करात १९७० च्या दशकापासून रुळलेली एक पद्धत उपयोगी आहे. प्रत्येक सरावानंतर चार प्रश्न विचारतात : काय ठरलं होतं? काय झालं? फरक का पडला? पुढच्या वेळी काय करायचं? यात 'चूक कुणाची' हा प्रश्न नाही, आणि तो मुद्दाम नाही. तो आला की लोक खरं सांगायचं बंद करतात.

तीन-चार नोंदी जमल्या की अंदाज करणं सोपं होतं. सगळ्यात कमी लागलेला वेळ धरायचा नाही, मधला धरायचा. आणि त्यावर थोडी राखीव वेळ.

रोजच्या कामात हे कसं वापरायचं?

अभ्यास : स्पर्धा परीक्षेचं एखादं पुस्तक 'आठवड्यात संपवतो' असं ठरवण्याआधी मागचं पुस्तक किती दिवसांत संपलं ते बघा. वीस दिवस लागले असतील तर याही पुस्तकाला वीस धरा. वेळापत्रक मोडल्याचा अपराधीपणा येतो तो बरेचदा अभ्यासामुळे नाही, वेळापत्रकच खोटं होतं म्हणून.

घरचं काम : रंगकाम, फर्निचर, बांधकाम यासाठी ठेकेदार सांगेल ती तारीख हा त्याचा अंदाज असतो. ज्यांनी अलीकडे तेच काम करून घेतलं, त्या दोन-तीन शेजाऱ्यांना प्रत्यक्ष किती दिवस लागले ते विचारा.

लग्नकार्य : आमंत्रणं, खरेदी, हॉल या सगळ्याचा उलटा हिशेब मुहूर्तापासून मागे करा. घरात शेवटचं लग्न ज्यांनी सांभाळलं, त्या काका-मावशीकडे बसून अर्धा तास ऐकलं तर अनेक दिवस वाचतात.

ऑफिस : एखाद्या कामाला किती वेळ लागेल असं विचारलं की लगेच आकडा सांगू नका. "मागच्या वेळी असंच काम केलं होतं, ते बघून सांगतो/सांगते" असं म्हणा. ब्यूलर यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. दुसऱ्याच्या कामाचा अंदाज करताना माणूस इतका आशावादी नसतो. म्हणून स्वतःचा अंदाज एखाद्या सहकाऱ्याला दाखवून घेणं फायद्याचं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

राखीव वेळ किती ठेवायची?
मागच्या नोंदी असतील तर ठरलेली आणि प्रत्यक्ष वेळ यांतला फरक जेवढा, तेवढी. नोंदी नसतील तर डोंगरात अंधाराआधी किमान एक तास मोकळा ठेवा.

जास्त वेळ धरला तर काम रेंगाळत नाही का?
रेंगाळू शकतं. म्हणून राखीव वेळ प्रत्येक टप्प्यात वाटू नका, शेवटी एकत्र ठेवा. टप्पे वेळेवर, आणि उरलेला वेळ शेवटच्या अडचणींसाठी.

पहिल्यांदाच जात असू आणि अनुभवच नसेल तर?
दुसऱ्यांचा वापरा. नुकतंच जाऊन आलेल्या, आपल्यासारख्याच वेगाच्या लोकांना विचारा. रीलमध्ये गड तीस सेकंदांत होतो, तो अनुभव धरू नका. गुंजवण्यात पोहोचल्यावर गावातल्या माणसाला विचारा, "मामा, आत्ता निघालो तर कधीपर्यंत खाली येऊ?" रोज येणारी-जाणारी माणसं पाहणाऱ्या गावकऱ्याचं उत्तर आपल्या प्लॅनपेक्षा बहुधा खरं निघतं.

एसटीने जात असाल तर?
उतरताक्षणी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या. तुमचा उलटा हिशेब सूर्यास्तापासून नाही, त्या गाडीपासून सुरू होतो.

गडावर मुक्काम करता येतो का?
मुक्कामाचे आणि प्रवेशाचे नियम वेळोवेळी बदलतात. निघण्याआधी चौकशी करा. 'उशीर झाला तर वरच राहू' हा प्लॅन धरून निघू नका.

थोडक्यात

पुढच्या शनिवारी ग्रुपवर मेसेज टाकण्याआधी मागच्या ट्रेकचे फोटो उघडा. प्रत्येक फोटोवर वेळ असते. पहिला फोटो किती वाजताचा, माचीवरचा किती वाजताचा, आणि खाली उतरल्यावर चहाचा किती वाजताचा. तुमच्या गटाचा खरा वेग तिथेच नोंदवलेला आहे. तो बघून वेळ टाका, आणि मेसेजमधली पहिली ओळ 'सहाला निघू' अशी न लिहिता 'तीनला माची सोडू' अशी लिहा.